दोघांच्या मापाची बोट

परवा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर पाय थबकले. तिथल्या कित्येक महिने बंद असलेल्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड येणार आहे, सुतारकाम चाललंय, आणि उघड्या दारातून सागाच्या भुशाचा नि जवसाच्या तेलाचा वास जिन्यावर उतरला होता. आत एक माणूस वाकून फळीवर तेलाचा बोळा फिरवत होता. त्यानं मान वर करून "काय पाहिजे?" असं विचारलं. भाजीची पिशवी हातात धरून, एका अनोळखी दारात, मी नुसती तो वास घेत उभी होते. "काही नाही, चालू द्या," म्हणाले, वर आले, कुलूप काढलं आणि खिडकीशी बसले. फुलपाड्यातल्या माझ्या या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. पण त्या दिवशी मला दिसत राहिली ती अर्नाळ्यामागची खाडी, ओहोटीनं उघडा पडलेला तिचा काळसर, ओला तळ, आणि त्यावर दोन्ही कुशींना लाकडी टेकू देऊन उभी केलेली एक जुनी पांढरी शिडाची बोट. त्या बोटीत मी आयुष्यातले सहा हिवाळे राहिले आहे.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा निरखून बघतात. माझ्यासारखी, मुंबईच्या एका कचेरीत तेवीस वर्षं टंकलेखन केलेली, साडीच्या निऱ्या नीट बसल्याशिवाय घराबाहेर न पडणारी बाई बोटीवर राहिली असेल, हे कुणाला खरं वाटत नाही. मलाही कधीकधी वाटत नाही. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. कचेरीत संगणक आले होते आणि आमच्या यंत्रांवर कापडी झाकणं चढली होती ती कायमची. मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्यांच्या यादीत मी नाव दिलं. त्याच वर्षी वडील गेले. आई फार आधी गेलेली, लग्न झालेलं नाही, भावंडं नाहीत. वडिलांच्या आजारपणात निदान औषधांच्या वेळा तरी होत्या. ते गेल्यावर दिवसाला कुठे धरावं हेच कळेना. सकाळी दूधवाला यायचा, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दूधवाला. मधल्या वेळात दारावरची बेल एखाद्या दिवशी चुकून वाजली, तर ती शेजारच्यांकडे आलेल्या पाहुण्यानं वाजवलेली असायची.

वडिलांच्या अस्थी सोडायला मी चुलतभावाबरोबर अर्नाळ्याला गेले होते. काम उरकलं, भाऊ रिक्षा शोधायला गेला आणि मी खाडीच्या कडेनं चालत राहिले. तिथे एका केळीच्या वाडीच्या टोकाला, नारळाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवाखाली, ती बोट उभी होती. मच्छीमारांच्या होड्या मी पाहिल्या होत्या. ही तशी नव्हती. मधोमध बुटकी केबिन, तिला गोल काचेच्या खिडक्या, आणि पाण्याखाली राहणारा भाग लाल रंगवलेला. खाली बसून एक काटक म्हातारे गृहस्थ फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीनं ठोसत होते. शर्टाच्या गळ्यातून क्रूस लोंबत होता. मी विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. थोडा वेळ ठोकत राहिले, मग म्हणाले, "माझीच राहील असं दिसतंय. बघायची असेल तर चढ वर, बाय. शिडी घट्ट आहे."

मी पांढरी साडी सावरत वर चढले. आत दोन्ही बाजूंना झोपायचे बाक, मध्ये उघडमिट होणारं टेबल, एका कोपऱ्यात स्टोव्हची जागा, भांडी पडू नयेत म्हणून कठडे लावलेल्या फळ्या. कुठल्याशा शौकीन साहेबाची ही बोट त्याच्यामागे मुंबईच्या गोदीकडे वर्षानुवर्षं कुजत पडली होती. होड्या बांधणाऱ्या या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती भंगारातून आणली आणि सात वर्षं खपून तिची फळी न् फळी पारखली, निम्म्या बदलल्या, नवी डोलकाठी केली, शीड शिवून घेतलं. जन्मभर लोकांच्या होड्या बांधल्या. म्हातारपणी स्वतःच्या बोटीत राहायचं, बायकोला घेऊन वाऱ्यानं नेईल त्या बंदराला जायचं, थंडी सरली की परतायचं, असा त्यांचा बेत. बोट तयार झाली तेव्हा बायको म्हणाली, मी येणार नाही.

त्यांच्या बायकोला मी पुढे मावशी म्हणू लागले. ठेंगणी, गोरटेली, लाल चौकड्यांचं लुगडं नेसणारी, पडवीत बसून वालपापडी निवडणारी. त्या पहिल्याच दिवशी तिनं मला गुळाचा चहा दिला आणि बोटीचा विषय निघताच शांतपणे म्हणाली, "मी पयल्या दिवशीच नाय बोलले होते. त्याला ऐकू नाय आलं. ठोकठोक चालू होती ना." मिस्त्री अंगणात खाली बघत उभे होते. त्या घरात मला भांडण दिसलं नाही. वर्षानुवर्षं ताटाला ताट लावून जेवणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये सात वर्षांचं एक लाकडी काम मात्र उभं होतं.

मी घरी परतले, आणि पंधरा दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. एक वेडा विचार डोक्यात आला, तो जाईना. पुन्हा गेले तेव्हा कळलं की जवळच्या एका नव्या रिसॉर्टचा मालक बोट मागतोय; हिरवळीवर शोभेला ठेवणार, पोटात आइस्क्रीमचं दुकान काढणार. मी म्हणाले, "मला द्या. मी राहीन तिच्यात." मिस्त्रींनी माझ्या हातांकडे पाहिलं. टाइपरायटरची कळ दाबण्यापलीकडे कष्ट न केलेले हात ते. "पान्याची भीती?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "घराची जास्त वाटते." मग ते म्हणाले, "त्याला नाय देनार. बोट पान्याबाहेर ठेवायची नसते. तुला शिकवतो. पन दर आयतवारी मिस्सा झाली की मला वर चा पाजायचा. तेवढं लिहून नको देऊ, ध्यानात ठेव."

अशी, निवृत्तीच्या पैशांतून, ती बोट माझी झाली. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की ती खाडीत उतरायची, आणि पाऊस तोंडावर आला की उधाणाच्या भरतीला, ओंडक्यांवरून ओढत, पुन्हा मांडवात यायची. पावसाळ्याचे महिने मी फुलपाड्याला, बाकीचे पाण्यावर. मिस्त्रींनी मला शीड चढवायला, उतरवायला, नांगर टाकायला, गाठी मारायला शिकवलं. डिझेलचं एक लहानसं इंजिनही बोटीला होतं, पण ते सुरू केलं की त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा. "वारा कुठून येतो ते झेंड्याला नाय विचारायचं. गालाला विचार," ते म्हणायचे. पहिल्या वर्षी माझ्या गालाला काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी जमिनीवरून येणारा तो थंड मतलई वारा डाव्या गालाला लागला आणि सुकाणूवरचा हात न सांगता फिरला, तेव्हा मिस्त्री समोर बसून बिडी पेटवत होते. त्यांनी पाहिलं, आणि काही न पाहिल्यासारखं केलं.

पुढे मी एकटीही जाऊ लागले. फार लांब नाही. दातिवरे मागे टाकून केळव्यापर्यंत, एकदा सातपाटी, एकदा थेट डहाणू. किनाऱ्यापासून एवढ्याच अंतरावर की सुरूची झाडं वेगवेगळी ओळखू यावीत. डहाणूहून परतताना वारा पडला आणि दुपारभर बोट एका जागी तरंगत राहिली. आरशासारखं पाणी, शिडाची सैल घडी, आणि कुठेही आवाज नाही. त्या दुपारी मी एकटेपणाकडे पहिल्यांदा तोंड करून बसले. फ्लॅटमध्ये ते कायम पाठीमागे असायचं, स्वयंपाकघरात गेलं की स्वयंपाकघरात, गच्चीवर गेलं की गच्चीवर. इथे ते समोर होतं, सगळीकडे पसरलेलं, आणि त्यामुळेच त्याचा काच थोडा कमी वाटला. कमी, पण गेला मात्र नाही. वाचणाऱ्याला मी खोटं सांगणार नाही. समुद्रानं मला एकटेपणातून सोडवलं, असं काही झालं नाही. आठवड्याचे सहा दिवस मी रविवारची वाट बघायचे. रविवारी मिस्सा संपल्याची चर्चची घंटा झाली की स्टोव्ह पेटवायचा, दोन कप पुसायचे, आणि किनाऱ्यावर पांढरा सदरा दिसला की लहान होडकं घेऊन आणायला जायचं. मिस्त्री येत, आधी सगळ्या बोटीवरून हात फिरवत, मग चहा घेत. आमचं बोलणं वाऱ्याचं, लाकडाचं. दोन तासांत ते जात. त्या दोन तासांवर माझा आठवडा उभा होता.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपार, पूर्ण ओहोटी. खाडी आटून मधल्या पन्हळीपुरती उरली होती आणि बोट टेकूंवर कोरड्यात उभी होती. त्या बाजूला तळ वाळूचा, पाय रुतत नसे. मी बाहेर बसून दोर गुंडाळत होते, तर तिवरांच्या रांगेतून मावशी चालत येताना दिसली. लुगडं घोट्यावर खोचलेलं, चपला हातात. शिडीखाली येऊन थांबली आणि वर बघत म्हणाली, "हात दे."

मी हात दिला. गुडघे धरत ती पायरी पायरी चढली, आत उतरली, आणि उभी राहिली. मला त्या केबिनमध्ये मान वाकवूनच वावरावं लागे. तिची मान ताठ राहिली. तिनं स्टोव्हवरच्या फळीला हात लावला, तो सहज पोचला. ती फळी मला नेहमी फार खाली वाटायची. पदर अडकवायची खुंटी, तांब्याची जागा, मेणबत्ती ठेवायचा कोनाडा, सगळं तिच्या हाताच्या उंचीवर. मग ती उजवीकडच्या बाकावर बसली. हा बाक डावीकडच्यापेक्षा वीतभर आखूड होता. मी त्याच्यावर एकदा झोपून पाहिलं होतं, पाय बाहेर येत होते, म्हणून तिथे सामान ठेवत असे. जागा पुरली नसेल, अशी मी माझी समजूत घातली होती. मावशीनं माझी दोन बोचकी बाजूला सारली आणि हळूच आडवी झाली. डोकं एका टोकाला, टाचा दुसऱ्या टोकाला. बरोबर मावली.

ती तशीच छताकडे बघत पडून राहिली. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "नको. बस." किती वेळ गेला कोण जाणे. अखेर उठली, लुगडं झटकलं, बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गोल केलेली होती, म्हाताऱ्या माणसाच्या मांडीला लागू नये अशी.

"मावशी, मिस्त्रींना किती आनंद होईल," मी म्हणाले.

"त्याला सांगायचं नाय." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "सांगितलंस तर उद्या बोलेल, चल समुद्रात. मला नाय जायचं पान्यात. माझा भाऊस पान्यातनं घरी नाय आला. पन बघायचं होतं. सात वर्सं काय करत होता ते बघायचं होतं." मग म्हणाली, "शपथ घे."

मी घेतली. भरतीचं पहिलं पाणी पन्हळीतून वर सरकायच्या आत ती निघून गेली. त्या दिवशी मी त्या आखूड बाकासमोर बसून राहिले. इतके दिवस मी ज्याला सुताराची चूक समजत होते, ते एका बाईच्या अंगाचं लाकडात घेतलेलं माप होतं. आणि मला जाणवलं की मी फक्त जागा विकत घेतली आहे.

पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. मी फुलपाड्याहून आले तेव्हा अंगणात ताडपत्री घातली होती आणि पागोळ्यांखाली लोक उभे होते. मिस्त्री कोपऱ्यात खुर्चीवर, नवा कोरा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. त्यांचे हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते.

थंडी सुरू झाली, बोट उतरली, रविवार पुन्हा सुरू झाले. पण ते आता बोटीवरून हात फिरवत नसत. चहा घेत आणि खाडीकडे बघत बसत. डिसेंबरातल्या एका रविवारी कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "एक डाव तरी चढली असती. बोट जाग्यावर उभी असताना. मी नसतो बोललो चल म्हनून. नुसती बघून गेली असती."

शपथ मेलेल्या माणसाची, आणि समोर जिवंत माणूस. मला वाटलं, हे सांगितलं तर त्यांचं ओझं उतरेल; शपथ घालणारीला आता त्याचं काय. मी सांगून टाकलं. ओहोटीची दुपार, हातातल्या चपला, सगळं. "झोपून बघितलं त्यांनी," मी म्हणाले, "बरोबर मावल्या."

अगदी खालच्या आवाजात मिस्त्रींनी विचारलं, "कवा?"

"गेल्या माघात."

"म्हंजे पाच-सा म्हयने ती जिती होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आनि तू इथं बसून मला दर आयतवारी चा देत होतीस."

मी शपथेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तिनं नाय बोलायचं ते तिचं. तू तरी बोलायचं होतंस. मी तिला काय चल बोललो नसतो. मी नुसतं इचारलं असतं, बाक कसा झालाय म्हनून." ते उठले. मी होडकं सोडलं, किनाऱ्यापर्यंत वल्हवत नेलं. सगळ्या वाटेत ते माझ्याकडे पाठ करून बसले होते.

त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. घंटा व्हायची, मी स्टोव्ह पेटवायचे, पाणी उकळून उकळून अर्धं व्हायचं. दोनदा वाडीत गेले. दार उघडं, पण ते मागे केळीत, आणि "येतो" म्हणून आलेच नाहीत. जानेवारी गेला, होळी गेली. समुद्रावर जावंसं वाटेना. त्या महिन्यांत मला कळलं की माझं एकटेपण त्यांच्या दोन तासांनी कसंबसं टाचून ठेवलेलं होतं. मी बरोबर केलं की चूक, हे मी त्या महिन्यांत रोज स्वतःला विचारलं. सांगायचं होतं तर ती असताना सांगायला हवं होतं; नव्हतं सांगायचं तर कधीच नको होतं. मी मात्र नेमकी अशी वेळ निवडली की शपथही मोडली आणि उपयोगही झाला नाही.

मे सरता सरता बोट वर ओढायची वेळ आली. ते येणार नाहीत असं धरून मी गावातल्या माणसांना निरोप दिला होता. उधाणाच्या सकाळी पाहते तर मिस्त्री आधीच किनाऱ्यावर, ओंडक्यांना तेल लावत. त्यांनी दोर बांधले, माणसं लावली, प्रत्येक ओढीला आवाज त्यांनीच दिला. बोट मांडवात उभी राहिली, टेकू बसले, माणसं चहापाणी घेऊन गेली. मी नारळाच्या एका आडव्या बुंध्यावर बसून पायाचा गाळ धूत होते. ते शिडीजवळ उभे होते, एक हात शिडीच्या पायरीवर.

"कुठं बसली होती आधी?" त्यांनी विचारलं. "डोक्याच्या बाजूला का पायाच्या?"

"डोक्याच्या," मी म्हणाले. "खिडकीखाली."

ते वर चढले. आत गेले. मी खालीच राहिले. वरून काहीही आवाज आला नाही, ठोकल्याचा नाही, रडल्याचा नाही. बऱ्याच वेळानं खाली उतरले, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "पुढं नाळेकडची एक फळी भिजलीय. पाऊस लागायच्या आत बदलू."

पुढची दोन वर्षं रविवार पुन्हा झाले. आधीसारखे नाहीत, आम्ही दोघंही थोडे जपून बोलायचो. मग त्यांची नजर अधू झाली, माझी कंबर धरली, आणि एका हिवाळ्याच्या शेवटी मी बोट दक्षिणेकडून आलेल्या एका मध्यमवयीन नवराबायकोला दिली. ती दोघं तिला घेऊन निघाली तेव्हा मिस्त्री सासरहून आलेल्या लेकीच्या आधारानं बघायला आले होते. शीड फुगलं, बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली. ते थोडा वेळ त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यांना किती दिसत होतं कुणास ठाऊक. मग म्हणाले, "वारा चांगला आहे त्यांना," आणि परत फिरले. आता तेही नाहीत. बोट कुठल्या बंदरात आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही.

कधी कधी वाटतं, मी त्या बोटीत राहिले असं म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती आहे. मी राहिले ती एका माणसानं दुसऱ्या माणसासाठी केलेल्या जागेत, जिथे ते दुसरं माणूस राहायला आलं नाही. माझ्या उंचीचं, माझ्या हाताच्या अंतराचं, कुणी कधी काही बांधलं नाही. त्याची खंत आहे, आणि या वयात ती लपवण्यातही अर्थ नाही. पण असं माप घेतलं जातं, सात सात वर्षं, न बोलता, हे मी जवळून पाहिलं. ते पाहायला सहा हिवाळे लागले. ज्यांच्या वाट्याला ते येतं त्यांनाही बहुधा ते एखाद्या ओहोटीच्या दुपारी, कुणाला न सांगता, चालत जाऊनच पाहावं लागतं.